रंकाळ्याच्या काठावर वापरलेला पाणी तपासणी संच: एका स्वयंसेवी गटाचे परीक्षण

तलावासाठी काम करणाऱ्या नागरिकांच्या गटाने पाणी तपासण्याचा संच विकत घ्यावा का, आणि घेतलाच तर त्यातील कोणत्या चाचणीवर विसंबावे, हे सांगण्यासाठी हे परीक्षण लिहीत आहे. कोल्हापुरात रंकाळ्यावर रोज सकाळी फिरायला येणाऱ्या आणि अधूनमधून श्रमदानाला एकत्र जमणाऱ्या आमच्या छोट्या गटाने वर्गणी काढून असा संच घेतला. उन्हाळा, पावसाळा आणि हिवाळा अशा तिन्ही ऋतूंत तो वापरून झाल्यावरच लिहायला बसलो आहे. कंपनीचे नाव देत नाही, कारण शाळा आणि हौशी गटांसाठी बाजारात मिळणाऱ्या बहुतेक संचांची मांडणी सारखीच असते आणि पुढे सांगितलेले गुणदोष थोड्याफार फरकाने त्या सर्वांनाच लागू पडतात.

संच घ्यावासा का वाटला, ते आधी सांगतो. पूर्वीची दगडाची खाण असलेला हा तलाव, काठावरचा संध्यामठ आणि १९३१ ते १९३४ या काळात बांधलेला शालिनी पॅलेस कोल्हापूरकरांच्या रोजच्या जगण्यात आहेत. पण वरच्या वसाहतींतून येणाऱ्या नाल्यांचे सांडपाणी हे त्याचे जुने दुखणे आहे. जलपर्णी झाली, निळ्या-हिरव्या शैवालाने पाणी हिरवेगार झाले, केंद्राच्या राष्ट्रीय सरोवर संवर्धन योजनेतून कामेही झाली. गणेशमूर्तींचे विसर्जन तलावाऐवजी जवळच्या इराणी खणीकडे, म्हणजे पाणी साठलेल्या जुन्या खाणीकडे, वळवण्यात आणि निर्माल्य वेगळे गोळा करण्यात या शहरातील लोकांनी मोठा वाटा उचलला. कचरा उचलणे, निर्माल्य वेचणे, जलपर्णी ओढून काढणे ही कामे डोळ्यांना दिसतात आणि ती कोणालाही समजतात. पाण्यात विरघळलेले मात्र डोळ्यांना दिसत नाही. "पाणी खराब झाले आहे" एवढीच तक्रार घेऊन गेले की "पावसाळ्यात असे होतेच" हे उत्तर मिळते आणि बोलणे तिथेच थांबते. आमच्याजवळ स्थळ, वेळ आणि आकडा असावा, यासाठी संच आणला.

पेटीत थेंब टाकायच्या प्लास्टिकच्या बाटल्या, खुणा केलेल्या परीक्षानळ्या, रंगतक्ते, काचेचे बूच असलेली एक बाटली, तापमापक, बुडवून पाहायच्या कागदी पट्ट्यांची डबी आणि जिवाणूंच्या चाचणीच्या छोट्या बाटल्या असे सामान येते. पाणी किती खोलपर्यंत पारदर्शक आहे ते मोजण्यासाठी दोरीला बांधलेली पांढरी-काळी तबकडी वेगळी घ्यावी लागली.

यातील सर्वांत मोलाची चाचणी विरघळलेल्या प्राणवायूची आहे, आणि संचाची बहुतेक किंमत माझ्या मते तिच्यासाठीच मोजावी. हंगेरीचे रसायनशास्त्रज्ञ लायोश विंकलर यांनी १८८८ मध्ये मांडलेली ही पद्धत आजही प्रयोगशाळांत वापरली जाते आणि इलेक्ट्रॉनिक मापके तिच्याच आधारे पडताळली जातात. काचेची बाटली कोपरापर्यंत हात बुडवून पाण्याखाली भरायची आणि बूचही पाण्याखालीच लावायचे. आत हवेचा एक बुडबुडा जरी राहिला तरी ते मोजमाप फुकट जाते. मग मँगनीज सल्फेटचे आणि अल्कधर्मी आयोडाइडचे थेंब टाकून बाटली उलटसुलट हलवली की तिच्यात साका, म्हणजे न विरघळणारा गाळ, धरतो. पाण्यात प्राणवायू असेल तर साका तपकिरी होतो आणि नसेल तर पांढराच राहतो. नंतर आम्ल घालून साका विरघळवायचा, पिवळसर झालेल्या द्रवाचे ठरावीक माप नळीत घ्यायचे आणि त्यात थायोसल्फेटचे थेंब मोजत टाकायचे. रंग फिका झाला की स्टार्चचा एक थेंब टाकायचा. नळी गडद निळी होते, आणि पुढे ज्या थेंबाला निळा रंग नाहीसा होतो, तिथे मोजणी थांबते.

आमच्या संचात एक थेंब म्हणजे लिटरमागे १ मिलिग्रॅम प्राणवायू. प्राणवायू कमी असेल तेव्हा मोठ्या मापाचा नमुना घेऊन अधिक बारकाईने मोजण्याची सोय आहे आणि ती अवश्य वापरावी, कारण निर्णय ज्यांवर ठरतो ते आकडे एकमेकांच्या अगदी जवळ आहेत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गीकरणानुसार आंघोळीयोग्य पाण्यात लिटरमागे किमान ५ मिलिग्रॅम आणि वन्यजीव व मत्स्यपालनासाठी किमान ४ मिलिग्रॅम प्राणवायू असावा लागतो. थेंब मोजताना आमच्यातील नववीत शिकणारी एक मुलगी प्रत्येक थेंबानंतर नळी पांढऱ्या कागदासमोर धरून पाहते. तिचे पाहून आम्ही मोठ्यांनीही ती सवय लावून घेतली. निळा रंग अगदी पुसट उरतो, तेव्हा काठावरच्या झाडांच्या हिरव्या पार्श्वभूमीवर तो दिसतच नाही.

एका सकाळी नाल्याच्या मुखाशी भरलेल्या बाटलीत साका धरला तो पांढराच. त्याच सुमारास संध्यामठाच्या बाजूला भरलेल्या बाटलीत तो तपकिरी होता. दोन्ही बाटल्या कठड्यावर शेजारी शेजारी ठेवल्या होत्या. फिरायला आलेल्या एका काकांनी विचारले, "ह्यो पांढरा म्हंजे चांगला न्हवं?" पांढरा साका म्हणजे त्या पाण्यात माशाला श्वास घ्यायला काहीच उरलेले नाही, हे समजल्यावर ते बराच वेळ तिथे उभे राहिले आणि पुढच्या वेळी आपण होऊन बाटली धरायला आले. कागदावरच्या आकड्यांनी कधी एवढी माणसे जोडली नसती, हे संचाच्या बाजूने मोकळेपणाने नोंदवतो.

परंतु हीच चाचणी चुकीच्या वेळी केली तर ती दिशाभूल करते, आणि संचासोबतच्या पत्रकात याविषयी एक ओळही नाही. हिरव्या पाण्याचा तलाव दिवसा प्राणवायू तयार करतो आणि रात्री तो खर्च करतो. उन्हात शैवालाचे प्रकाशसंश्लेषण चालू असते, त्यामुळे दुपारी तीनच्या सुमारास मोजले तर एरवी पाण्यात मावतो त्याहून जास्त प्राणवायू आढळू शकतो. समुद्रसपाटीला २५ अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ८.२ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. कोल्हापूर साधारण साडेपाचशे मीटर उंचीवर असल्याने इथे तो आणखी थोडा कमी. दुपारचा आकडा याच्या बराच वर गेला तर ती आनंदाची बातमी नसून शैवाल माजल्याची खूण आहे. सूर्य मावळला की तेच शैवाल, गाळातील जिवाणू आणि मासे असे सगळे मिळून तो साठा वापरतात आणि पहाटे, उजाडण्याच्या आधी, पाणी सर्वांत गुदमरलेले असते. मेलेले मासे सकाळी तरंगताना दिसतात ते यामुळे. म्हणून ज्यांना एकदाच मोजणे शक्य आहे त्यांनी पहाटे मोजावे, आणि दोनदा शक्य असेल त्यांनी पहाटे व दुपारी मोजून दोन्ही आकड्यांतील अंतर लिहून ठेवावे. निरोगी तलावात हे अंतर लहान असते. वेळ न लिहिलेला प्राणवायूचा आकडा वहीत नसलेलाच बरा.

सामू (पीएच, म्हणजे पाणी किती आम्लधर्मी किंवा अल्कधर्मी आहे ते माप) आणि अमोनिया या दोन चाचण्या पेटीत वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवलेल्या आहेत, पण त्या एकत्रच वाचायला हव्यात. पाण्यातील अमोनियाचे दोन प्रकार असतात आणि माशांना मुख्यतः घातक ठरतो तो मुक्त अमोनिया. त्याचे प्रमाण सामूवर अवलंबून असते. २५ अंशाला सामू ७ असेल तर एकूण अमोनियापैकी जेमतेम अर्धा टक्का मुक्त असतो, सामू ८ झाला की तो पाच टक्क्यांच्या आसपास जातो आणि सामू ९ ला तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त. दुपारी शैवाल पाण्यातील कार्बन डायऑक्साइड ओढून घेते, त्यामुळे सामू वर चढतो. याचा अर्थ असा की सकाळी निरुपद्रवी वाटणारे सांडपाणी त्याच दिवशी दुपारी, अमोनियाचा एक कणही न वाढता, माशांसाठी विषारी होऊ शकते. संचातील अमोनियाचा रंगतक्ता एकूण अमोनिया दाखवतो, आणि मत्स्यपालनासाठीची १.२ मिलिग्रॅमची मर्यादा मात्र मुक्त अमोनियाची आहे. दोन्हींची गल्लत करून कोणी वर्तमानपत्राकडे धाव घेऊ नये आणि कोणी निर्धास्तही राहू नये. सामूच्या थेंबांची चाचणी चांगली आहे, रंग स्पष्ट येतो; फक्त हिरव्या पाण्याचा स्वतःचाच रंग त्यात मिसळतो. थेंब न टाकलेल्या त्याच पाण्याची नळी तक्त्यामागे धरून तुलना केली की ही अडचण बरीच दूर होते.

फॉस्फेटच्या चाचणीबद्दल माझे मत प्रतिकूल आहे. शहरी तलावातील शैवालाचे मुख्य खाद्य फॉस्फरस आहे आणि तो सांडपाण्यातून, विशेषतः मैल्यातून आणि काही धुण्याच्या पावडरींतून येतो. त्यामुळे ही चाचणी सर्वांत उपयोगी ठरायला हवी होती. परंतु आमच्या तक्त्यावर शून्यानंतरची पहिली छटा लिटरमागे ०.२५ मिलिग्रॅम फॉस्फेटची आहे, आणि शुद्ध फॉस्फरसच्या भाषेत ते सुमारे ०.०८ मिलिग्रॅम होते. तलावशास्त्रात सर्वमान्य असलेल्या वर्गवारीप्रमाणे एकूण फॉस्फरस साधारण ०.०३५ मिलिग्रॅमवर गेला की तलाव अतिपोषित, म्हणजे शैवाल माजेल इतके खाद्य असलेला, समजला जातो. म्हणजे संच "शून्य" दाखवत असतानाही तलाव आजारी असू शकतो. भरीस भर म्हणजे शैवालाने जो फॉस्फरस आधीच शरीरात घेतला तो या चाचणीत येतच नाही. पाणी गर्द हिरवे आणि फॉस्फेट शून्य, असे चित्र म्हणूनच दिसते. नाल्याच्या पाण्यासाठी ही चाचणी ठीक आहे, कारण तिथे प्रमाण मोठे असते. तलावाच्या मध्यभागातील पाण्यासाठी ती वापरू नये. ज्याला खरा आकडा हवा आहे त्याने वर्षातून दोन वेळा मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून एकूण फॉस्फरस तपासून घ्यावा. आमच्या शहरात महाविद्यालये आणि विद्यापीठ आहे. रसायनशास्त्राच्या किंवा पर्यावरणशास्त्राच्या विभागांशी बोलले तर अशी मदत मिळण्याची शक्यता असते.

नायट्रेटची चाचणी चालते, याहून अधिक सांगण्यासारखे काही नाही. कागदी पट्ट्या तर घेऊच नयेत. कोल्हापूरच्या पावसाळी दमट हवेत डबी एकदा उघडली की पट्ट्यांचा रंग आपोआप बदलू लागतो आणि दोन माणसांना एकच पट्टी दोन आकड्यांची वाटते.

तबकडी मात्र प्रत्येक गटाने घ्यावीच, आणि खरे तर विकतही घेऊ नये. इटलीतील खगोलशास्त्रज्ञ आंजेलो सेक्की यांनी १८६५ मध्ये पोपच्या जहाजावरून समुद्रात सोडलेल्या पांढऱ्या तबकडीची ही वंशज आहे. २० सेंटिमीटर व्यासाची, चार भागांत आळीपाळीने काळी-पांढरी रंगवलेली चकती, खाली वजन आणि वर खुणा केलेली दोरी, एवढेच तिचे स्वरूप. सावलीच्या बाजूने ती पाण्यात सोडायची, दिसेनाशी होते तिथे खूण धरायची, वर ओढताना पुन्हा दिसते तिथे दुसरी खूण धरायची आणि दोन्हींची सरासरी लिहायची. रसायन लागत नाही, मुदत संपत नाही, लहान मूलही मोजू शकते, आणि वर्षभराच्या नोंदी एका कागदावर मांडल्या की तलाव केव्हा हिरवा होतो आणि केव्हा निवळतो, ते समोर येते. एक काळजी घ्यावी लागते. पावसानंतर नाल्यांतून आलेल्या मातीनेही पाणी गढूळ होते, त्यामुळे शैवालाचा हिरवा गढूळपणा आणि मातीचा तांबूस गढूळपणा हे वेगवेगळे लिहावेत. पायऱ्यांवरून खोली पुरत नाही. होडीची परवानगी मिळाली तरच खरे मोजमाप होते.

जिवाणूंच्या बाटलीत तलावाचे पाणी खुणेपर्यंत भरून ती उबदार जागी एक-दोन दिवस ठेवायची असते. मैल्यातील जिवाणू असतील तर त्यांच्यापासून निर्माण होणाऱ्या हायड्रोजन सल्फाइडमुळे पाणी काळे होते. ही पद्धत भारतातच १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला पिण्याच्या पाण्यासाठी विकसित झाली, आणि विहिरीसाठी किंवा हातपंपासाठी ती उत्तमच आहे. तलावाच्या बाबतीत तिचा उपयोग फारच कमी, कारण सांडपाणी मिसळणाऱ्या तलावात प्रत्येक बाटली काळी होणार हे आधीच ठरलेले असते. किती जिवाणू आहेत, वाढले की घटले, हे काळ्या रंगावरून कळत नाही. काठावरच्या जुन्या विहिरींसाठी आम्ही त्या बाटल्या वापरल्या आणि तिथे त्या उपयोगी ठरल्या.

जैविक प्राणवायू मागणी, म्हणजे कार्यालयांतून आणि बातम्यांतून नेहमी ऐकू येणारी बीओडी, या संचात नाही. पाण्यातील घाण कुजवताना जिवाणू किती प्राणवायू खर्च करतात, ते ही चाचणी सांगते. भारतीय मानकाप्रमाणे ती २७ अंशाला तीन दिवस नमुना ठेवून मोजतात. एकाच जागचे पाणी दोन बाटल्यांत भरून एकीचा प्राणवायू लगेच मोजला आणि दुसरी अंधारात ठेवून तीन दिवसांनी मोजली, तर तलावाच्या तुलनेने स्वच्छ भागाचा ढोबळ अंदाज येतो. नाल्याच्या पाण्यात मात्र प्राणवायू त्याआधीच संपून जातो आणि पाणी सौम्य केल्याशिवाय उत्तर मिळत नाही, म्हणून घरी हा खटाटोप करू नये.

आता विक्रेत्याबद्दल. सूचना फक्त इंग्रजीत आहेत, अक्षर बारीक आहे आणि महाराष्ट्रात शाळांना विकल्या जाणाऱ्या वस्तूबरोबर मराठी पत्रक नसणे ही मोठी त्रुटी आहे. वापरण्याची अंतिम तारीख खोक्यावर आहे, बाटल्यांवर नाही; खोके टाकून दिले की कोणती रसायने जुनी आहेत हे समजत नाही. थायोसल्फेटचे द्रावण काळाबरोबर कमजोर होते आणि मग निळा रंग घालवायला थेंब जास्त लागतात, म्हणजे प्राणवायू आहे त्याहून जास्त मोजला जातो. तलाव बरा दिसण्याच्या बाजूने होणारी ही चूक सर्वांत घातक. प्राणवायूची रसायने सर्वांत आधी संपतात, तरी ती सुटी मिळावीत म्हणून विक्रेत्याला पुन्हा पुन्हा विचारावे लागले.

सुरक्षिततेविषयी पत्रक फारच त्रोटक आहे, म्हणून इथे स्पष्ट लिहितो. विंकलर पद्धतीतील आम्ल आणि अल्कली त्वचा भाजतात, अल्कधर्मी आयोडाइडमध्ये अनेकदा विषारी अझाइड असते आणि काही संचांतील अमोनियाच्या चाचणीत पारा असतो. मुलांना थेंब मोजू द्यावेत, पण आम्ल मोठ्या माणसानेच घालावे, हातमोजे आणि चष्मा असावा. वापरलेले द्रव तलावात, गटारात किंवा कठड्याखालच्या मातीत कधीही ओतू नयेत. आम्ही झाकण असलेले दोन कॅन ठेवले आहेत. पाऱ्याचा कॅन वेगळा, आणि अझाइडचे द्रव आम्लाच्या द्रवात मिसळू नयेत हेही पाहतो. भरलेले कॅन एका महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेकडे देतो. पाऱ्याशिवाय चालणारा, सॅलिसिलेटवर आधारलेला अमोनियाचा संच मिळत असेल तर तोच मागावा.

एवढे मोजून पुढे काय करायचे, हा प्रश्न संच विकत घेण्याआधी सोडवायला हवा. १९७४ च्या जल (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियमात नमुना कसा घ्यायचा, तो कसा बंद करायचा आणि कोणत्या प्रयोगशाळेत पाठवायचा याची पद्धत कलम २१ मध्ये दिलेली आहे. ती पाळली नसेल तर तो अहवाल न्यायालयात पुरावा म्हणून चालत नाही. आमच्या नळीतील निळा रंग त्यामुळे कायद्याच्या दृष्टीने पुरावा ठरत नाही. पण अधिकाऱ्यांनी नमुना घ्यायला कुठे आणि केव्हा यावे, हे तो निश्चित सांगतो. अधिकृत नमुना कार्यालयीन वेळेत, सोयीच्या घाटावरून, भर उन्हात घेतला गेला तर प्राणवायू भरपूर आढळणार आणि अहवाल समाधानकारक येणार. म्हणून आमच्या अर्जात आम्ही आता "पाणी खराब आहे" असे लिहीत नाही. अमुक नाल्याच्या मुखाशी, अमुक तारखेला, पहाटे इतक्या वाजता, या पद्धतीने मोजले असता प्राणवायू आढळला नाही, सोबत वहीच्या पानाचे आणि साक्याच्या बाटलीचे छायाचित्र जोडले आहे, तरी त्याच जागी आणि त्याच वेळी मंडळाने नमुना घ्यावा, असे लिहितो. अशा अर्जाला उत्तर देणे भाग पडते, कारण त्यात तपासून पाहता येईल असे काहीतरी असते. महापालिका आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचे प्रादेशिक कार्यालय या दोन्ही ठिकाणी अर्जाची पोच घ्यावी आणि पुढच्या अर्जात तिचा क्रमांक लिहावा.

संचाने तलाव स्वच्छ होत नाही. रंकाळ्याचे पाणी सुधारेल ते वरच्या वसाहतींचे सांडपाणी पूर्णपणे वळवून प्रक्रिया केंद्रापर्यंत नेल्यावर आणि तळाच्या गाळात साठलेल्या फॉस्फरसचा विचार केल्यावरच. वळवलेला नाला पावसाळ्यात पुन्हा तलावात ओसंडतो का, पंप बंद असताना काय होते, हे पाहायला मात्र रोज काठावर असणारी माणसेच लागतात, आणि त्यांच्या हातात हा संच असेल तर त्यांचे पाहणे वाया जात नाही.

ज्या गटाजवळ पैसे कमी आहेत त्याने पूर्ण पेटी घेऊ नये. विरघळलेल्या प्राणवायूचा सुटा संच, सामूचे थेंब, एक तापमापक आणि घरी केलेली तबकडी एवढ्यावर सुरुवात करावी. अमोनियाची चाचणी नाल्यांसाठी नंतर जोडावी. विकत घेताना रसायनांची अंतिम तारीख किमान वर्षभर पुढची आहे याची खात्री करावी आणि प्राणवायूची रसायने सुटी मिळतील असे विक्रेत्याकडून लेखी घ्यावे. वर्षाआड खर्च करण्याची तयारी नसेल, किंवा पहाटे काठावर येणारी निदान तीन माणसे गटात नसतील, तर ते पैसे वर्षातून दोन वेळा प्रयोगशाळेच्या तपासणीवर खर्च करावेत. आम्ही तयार केलेले मराठी सूचनापत्रक, त्यात पहाटे आणि दुपारी मोजण्याचा तक्ता आहे, आमच्या वहीच्या पहिल्या पानाला चिकटवलेले आहे. रविवारी सकाळी संध्यामठाजवळ येणाऱ्या कोणालाही त्याची प्रत देतो.